आल्याचा जिवंत सोडा: नाशिकच्या हवेत घरी कसा करायचा

आलं, साखर, लिंबू आणि पाणी एवढ्यावर घरच्या घरी फसफसणारा सोडा तयार होतो. गॅसचं नळकांडं लागत नाही, खायचा सोडा लागत नाही, विकतचं यीस्टही लागत नाही. आल्याच्या सालीवर यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मुळातच असतात. त्यांना साखर दिली की ते वाढतात, आणि साखर खाताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू बंद बाटलीत अडकला की पाण्यात विरतो. झाला सोडा.

कृती सोपी आहे. चुकतं ते दोन ठिकाणी: विरजण पुरतं तयार होण्याआधी वापरलं जातं, किंवा बाटली नको तितका वेळ बाहेर राहते. पहिल्या चुकीने सोडा मिळमिळीत होतो, दुसरीने बाटली फुटते. म्हणून या लेखात पाककृतीला जागा कमी आणि या दोन गोष्टींना जास्त दिली आहे.

आधी विरजण

दह्याला लागतं तसं याही सोड्याला विरजण लागतं. त्यासाठी रुंद तोंडाची १ लिटरची काचेची बरणी घ्या. साबणाने धुऊन, साबणाचा अंश राहणार नाही अशी खळखळून काढा आणि शेवटी कडकडीत पाणी फिरवा. काच तडकू नये म्हणून आधी कोमट, मग गरम. स्टीलचं भांडंही चालतं. तांब्या-पितळेचं मात्र नको. भांडी बाजारातलं ते सामान कितीही देखणं असलं तरी आंबट द्रव त्यात धातू उतरवतो, आणि कलईवर भरवसा ठेवण्याची ही जागा नाही. ॲल्युमिनियमही नको.

पहिल्या दिवशी लागेल:

– पाणी ५०० मिली
– सालीसकट किसलेलं आलं २० ग्रॅम
– साधी पांढरी साखर २० ग्रॅम

पुढे रोज १० ग्रॅम आलं आणि १० ग्रॅम साखर घालायची. पोह्यांचा चमचा सपाट भरला की साखर साधारण १० ग्रॅम बसते, तरी सुरुवातीचे काही दिवस वजनकाटा वापरा. चमच्याचं माप प्रत्येक घरात वेगळं असतं.

आलं धुवा, पण सोलू नका. माती जाईल इतकंच हाताने चोळून धुवायचं, ब्रशने घासायचं नाही, कारण आपलं सगळं भांडवल सालीवर आहे. बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारात किंवा कुठल्याही भाजी मंडईत माती लागलेली, घट्ट, वासाला तिखट अद्रक मिळते, ती घ्यावी. अति चकचकीत, साल सुटलेली, धुऊन-पुसून ठेवलेली टाळावी. परदेशी व्हिडिओंत ‘विकिरण केलेलं (टिकावं म्हणून किरणांचा मारा केलेलं) आलं चालत नाही’ असं हमखास सांगतात. आपल्या जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये सुरू केलेलं विकिरण केंद्र आहे खरं, पण तिथे जातो तो मुख्यतः कांदा आणि निर्यातीचा आंबा. मंडईतल्या आल्याबाबत ही धास्ती बाळगायचं कारण नाही.

पाण्याचं मात्र बघायला हवं. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं आणि शुद्धीकरणात त्यात क्लोरीन मिसळतात. जंतू मारणं हेच क्लोरीनचं काम, आणि यातला चांगला-वाईट त्याला कळत नाही. म्हणून पाणी १० मिनिटं उकळून पूर्ण गार करून घ्या. फिल्टरचं पाणीही चालेल.

सगळं बरणीत घालून ढवळा. वर मलमलचं फडकं घालून रबराने घट्ट बांधा. झाकण लावायचं नाही, पण बरणी उघडीही ठेवायची नाही. द्राक्षाच्या हंगामात स्वयंपाकघरात चिलटं घोंघावत असतातच. त्यांच्या पायांवरून व्हिनेगर करणारे जिवाणू येतात, आणि एक चिलट आत पडलं तरी विरजण आंबूस वळणाला लागू शकतं. गाळण्याची जाळी यासाठी विरळ पडते, कापडच हवं.

दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळा. तरंगणारं आलं खाली दाबलं गेलं की त्यावर बुरशी बसत नाही. बुरशीचे जवळपास सगळे प्रकार न ढवळल्यामुळे होतात.

तयार झालं हे कसं ओळखायचं

दुसऱ्या दिवशीच बुडबुडे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. सुरुवातीचा फेस बऱ्याचदा भलत्याच जिवाणूंचा असतो. पाणी आंबट होत गेलं की ते मागे पडतात आणि यीस्ट व लॅक्टिक जिवाणू ताबा घेतात. अनेकांचं विरजण तिसऱ्या दिवशी एकदम थंडावल्यासारखं दिसतं ते या पालटामुळेच. टाकून देऊ नका, साखर-आलं घालत राहा.

तयार विरजणाची खूण अशी: साखर घालून ढवळल्यावर काही मिनिटांत बारीक बुडबुड्यांची रांग कडेने वर येते, कान लावला तर सोड्यासारखी सूं-सूं ऐकू येते, आणि वास आल्याचा, थोडा आंबट, थोडा पावाच्या कणकेसारखा येतो. शंका असेल तर पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजणारी, पट्टी बुडवून बघा. मत्स्यालयाचं सामान ठेवणाऱ्या दुकानात ती मिळते, फक्त ४ च्या आसपासचं मोजणारी मागून घ्या. आकडा ४ किंवा त्याखाली हवा; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पट्टी नसेल तर दुसरी परीक्षा: १०० मिली विरजण गाळून छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत अर्धा चमचा साखरेसह बंद करा. दिवसभरात बाटली हाताला टणक लागली तर विरजण कामाचं आहे.

किती दिवस? हे नाशिकमध्ये महिन्यावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये पारा ३८ ते ४० पर्यंत जातो, तेव्हा तिसऱ्या दिवशीही तयार होतं. पावसाळ्यात ४ ते ५ दिवस धरा. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः निफाडकडे जिथे कडाक्याच्या थंडीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, तिथे ८ ते १० दिवसही लागतात. विरजणाला मानवणारी उष्णता २२ ते २८ अंशांची. म्हणजे आपल्याकडे जुलै ते ऑक्टोबर हा शिकण्यासाठी उत्तम काळ.

उन्हाळ्यात बरणी माठाशेजारी, जमिनीवर, सावलीत ठेवा. ओलं फडकं गुंडाळलं तर आणखी बरं. ३५ अंशांच्या वर यीस्ट घाईने काम करतं आणि चवीत दोष येतात, शिवाय आंबटपणा गोडीला गिळून टाकतो. हिवाळ्यात दह्याच्या भांड्याची जी जागा असते तीच याचीही: तांदळाच्या डब्याजवळ, शालीत गुंडाळून, किंवा फ्रिजच्या मागच्या कोमट बाजूला. गॅसच्या शेगडीजवळ मात्र नको, तिथे उष्णता सारखी वर-खाली होते.

दोन लिटर सोडा

साहित्य:

– पाणी एकूण साधारण १७०० मिली
– आलं ६० ग्रॅम, ठेचलेलं
– साखर १२० ग्रॅम
– लिंबाचा रस ६० मिली, म्हणजे मध्यम ३-४ लिंबं
– गाळलेलं विरजण २०० मिली
– मीठ, दोन चिमटी

अर्धं पाणी, आलं, साखर आणि मीठ एकत्र उकळा आणि मंद आचेवर १० मिनिटं ठेवा. उतरवून झाकून ठेवा म्हणजे अर्क उतरतो. मग उरलेलं गार पाणी घालून गाळा. हे पाणीही आधी उकळलेलंच हवं. आता थांबा. विरजण घालण्याआधी मिश्रण ३० अंशांपर्यंत यायला हवं. बोट बुडवल्यावर ना गार ना गरम, म्हणजे बरोबर. घाईत गरम पाकात विरजण ओतलं तर यीस्ट मरतं आणि मग चार दिवस बाटलीकडे बघत बसावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्यांचा सोडा बहुतेक वेळा इथेच फसतो.

लिंबूही गार झाल्यावरच पिळा. साल रगडून पिळू नका, सालीतला कडवटपणा बंद बाटलीत आणखी जाणवतो. विरजण घालण्याआधी ते तळापासून ढवळा, कारण यीस्ट तळाशी बसलेलं असतं. वरचं नितळ पाणी घेतलं तर निम्मी फौज बरणीतच राहते.

चव घेऊन बघा. यावेळी सोडा हवा त्यापेक्षा थोडा जास्त गोड लागला पाहिजे, कारण साखरेचा काही भाग यीस्ट खाणार आहे.

साखरेऐवजी गूळ चालतो, आणि तो जोरात आंबतो, पण फेस फार येतो आणि रंग मातकट होतो. पहिल्या दोन-तीन वेळा साखरच वापरा. साखरेचे कृत्रिम पर्याय घातले तर वायू तयारच होणार नाही, यीस्टला ते पचत नाहीत.

बाटली: इथे काटकसर नको

नवशिक्याने फक्त प्लास्टिकची बाटली वापरावी, आणि तीही कोल्ड्रिंकची. पाण्याची बाटली नव्हे. कोल्ड्रिंकच्या बाटलीचं बूड पाच पाकळ्यांचं असतं, भिंत जाड असते आणि ती दाब सहन करण्यासाठीच बनवलेली असते. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक पातळ असतं, ती फुगते आणि बुडाकडून उलटते. झाकण मूळ बाटलीचंच हवं, आतली पातळ चकती शाबूत आहे ना ते बघा. धुताना उकळतं पाणी ओतू नका, बाटली आक्रसते आणि कमजोर होते. कोमट पाणी पुरे.

तारेच्या खटक्याच्या काचेच्या बाटल्या दिसायला सुंदर असतात, पण शोभेच्या सामानात मिळणाऱ्या कित्येक बाटल्या दाबासाठी बनवलेल्याच नसतात. गोटीसोड्याची बाटली जाड असते, पण ती भरायला मशीन लागतं. गोटी वर बसवण्यासाठी आत आधीच दाब लागतो, तो घरच्या विरजणाने पहिल्या मिनिटाला येत नाही.

बाटली गळ्यापाशी ४ सेंटिमीटर रिकामी ठेवून भरा, झाकण घट्ट लावा आणि बाटल्या उन्हापासून लांब, शक्यतो एखाद्या बादलीत किंवा टोपात उभ्या ठेवा. गळती झाली तर फरशी चिकट होत नाही आणि मुंग्यांची रांग लागत नाही.

दाबाचा हिशेब

साखर आंबते तेव्हा तिच्या वजनाच्या साधारण निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो आणि उरलेल्या निम्म्याचं अल्कोहोल होतं. दुकानातल्या कोल्याच्या एका लिटरमध्ये ७ ते ८ ग्रॅम वायू असतो. तितकी फसफस आणायला लिटरमागे १५-१६ ग्रॅम साखर खर्ची पडते. आपल्या पाककृतीत लिटरमागे ६० ग्रॅम आहे. म्हणजे बाटली बाहेर विसरलात तर यीस्टपाशी गरजेच्या चौपट वायू तयार करण्याइतका दारूगोळा शिल्लक आहे.

तुलनेसाठी: पारंपरिक पद्धतीच्या स्पार्कलिंग वाइनमध्ये बाटलीतच होणाऱ्या दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरमागे फक्त २४ ग्रॅमच्या आसपास साखर घालतात, आणि तेवढ्यानेच सुमारे ६ वातावरणांचा, म्हणजे भोवतालच्या हवेच्या सहापट, दाब येतो. त्यासाठी बाटली जाडजूड, बूच तारेने आवळलेलं. द्राक्षांच्या गावात राहणाऱ्यांनी ती बाटली एकदा हातात घेऊन बघावी, वजनावरूनच गोष्ट कळते.

म्हणून आपला सोडा ‘पूर्ण आंबून’ थांबत नसतो. आपण त्याला फ्रिजमध्ये टाकून थांबवतो. केव्हा थांबवायचं ते बाटली सांगते. दर ८ तासांनी, उन्हाळ्यात दर ४ तासांनी, बाटलीची बाजू अंगठ्याने दाबा. भरली तेव्हा ती दबते. न उघडलेल्या कोल्ड्रिंकइतकी टणक लागली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात हे १२ ते २४ तासांत होतं, पावसाळ्यात दीड-दोन दिवसांत, जानेवारीत ३ ते ५ दिवस लागतात. बूड फुगून बाटली डगमगायला लागली तर उशीर झालाय. तेव्हा झाकण एकदम उघडू नका. बाटली गार करा, मग सिंकमध्ये धरून झाकण किंचित सैल करून वायू थोडा-थोडा सोडा.

फ्रिजमध्ये किमान २४ तास हवेतच. हा नियम चवीसाठीही आहे. ५ अंशांच्या पाण्यात ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरतो. कोमट बाटली उघडली तर सगळा वायू फेसाबरोबर छतावर जातो आणि ग्लासात गोड पाणी उरतं. गार करून उघडली तर तोच वायू जिभेवर येतो.

फ्रिजमध्येही आंबणं मंदावतं, पूर्ण थांबत नाही. आठवड्यात संपवा. दिवसभर लाइट गेली, फ्रिज कोमट झाला, तर बाटल्या दाबून बघा आणि वायू सोडा. चार दिवस गावाला जायचं असेल तर भरलेल्या बाटल्या घरात बाहेर ठेवून जाऊ नका.

अल्कोहोलबद्दल स्पष्टच

वरच्या हिशेबानेच दिसतं की या सोड्यात अल्कोहोल असतंच. वेळेवर फ्रिजमध्ये ठेवला तर साधारण १ टक्क्याच्या आत-बाहेर. बाहेर राहून सगळी साखर आंबली तर ३ टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण आणि अल्कोहोल अजिबात न घेणारे यांना हा सोडा देऊ नका, आणि पाहुण्यांना देताना सांगून द्या. उपवासाला चालतो का हा प्रश्न येतोच, त्याचं उत्तरही याच आकड्यात आहे.

द्राक्षाचा सोडा

जानेवारी ते मार्च नाशिकमध्ये राहून हा केला नाही तर काय केलं! काळी शरद सीडलेस रंगाला उत्तम, थॉमसन किंवा सोनाका गोडीला.

एक गैरसमज आधी काढू. द्राक्षावरची पांढुरकी लव म्हणजे यीस्ट नव्हे, ते फळाचं नैसर्गिक मेण आहे. यीस्ट सालीवर असतं हे खरं, पण आपल्याकडच्या द्राक्षबागेत भुरी आणि केवडा या रोगांसाठी बुरशीनाशकांच्या फवारण्या होतात, आणि बुरशीनाशकाला यीस्टचाही लळा नसतो. म्हणून द्राक्षाच्या सालीवर विसंबायचं नाही, विरजण आल्याचंच घ्यायचं. द्राक्षं १ लिटर पाण्यात १० ग्रॅम खायचा सोडा घालून १५ मिनिटं भिजवा आणि वाहत्या पाण्याखाली दोनदा धुवा.

साधारण १ किलो द्राक्षं कुस्करून गाळली की ६०० मिली रस निघतो. मिक्सर फार वेळ फिरवू नका, काळ्या द्राक्षाची साल तुरट होते. रस भांड्यात घेऊन उकळी फुटण्याआधी, कडेने बुडबुडे दिसताच उतरवा. त्यातले आगंतुक जंतू मरतात आणि चव शिजकी होत नाही. गार झाल्यावर ११०० मिली उकळून गार केलेलं पाणी, २०० मिली विरजण आणि दोन लिंबांचा रस घाला.

साखर घालायची नाही. गोड द्राक्षाच्या रसात १६ ते २० टक्के साखर असते, म्हणजे ६०० मिलीत १०० ग्रॅमच्या वर. आपल्या पाककृतीला हवी तेवढी झाली. वर आणखी साखर घातली तर सोडा नुसता गोड होत नाही, बाटलीतला दारूगोळा वाढतो. द्राक्षाचा सोडा आल्याच्या सोड्यापेक्षा भरभर टणक होतो, कारण रसातली साखर यीस्टला सरळ खाता येते. बाटली दाबून बघण्याच्या वेळा निम्म्यावर आणा.

काय बिघडतं आणि का

फसफस नाही, गोडी तशीच: विरजण कमजोर होतं किंवा पाक गरम होता. बाटली उबदार जागी आणखी दोन दिवस ठेवा. तरीही काही नाही तर ५० मिली ताजं विरजण घालून पुन्हा बंद करा.

फसफस नाही, पण गोडी कमी झाली: आंबलं बरोबर, वायू झाकणातून निसटला. झाकण बदला.

पाणी बुळबुळीत, तारेसारखं ओढलं जातं: काही जिवाणू साखरेपासून चिकट पदार्थ बनवतात. आंबटपणा कमी असला की हे घडतं. तो सोडा टाका. विरजणही ओढलं जात असेल तर तेही टाका आणि नव्यात पहिल्या दिवसापासून एक चमचा लिंबाचा रस घाला.

विरजणावर पांढरा, सपाट, सुरकुतलेला पापुद्रा: हे जंगली यीस्ट आहे. अपायकारक नाही, पण वास बिघडवतं. काढून टाका, ढवळणं वाढवा. हिरवं, काळं, गुलाबी किंवा लव असलेलं काहीही दिसलं तर मात्र वरचं काढून खालचं वापरायचं नाही. बरणीसकट रिकामं करा.

नेलपॉलिशसारखा वास: उष्णता जास्त झाली. व्हिनेगरचा वास: हवा किंवा चिलटं शिरली. सडक्या अंड्याचा हलका वास: यीस्टची उपासमार, ताजी साखर-आलं दिल्यावर दोन दिवसांत जातो.

तळाशी पांढरट गाळ: यीस्ट. दोष नाही. ओतताना शेवटचा घोट बाटलीतच ठेवला की झालं.

विरजण जपणं

२०० मिली काढून घेतलं की बरणीत तेवढंच पाणी, २० ग्रॅम साखर आणि २० ग्रॅम आलं घाला. दोन दिवसांत पुन्हा तयार. आल्याचा चोथा फार साठला तर निम्मा काढा. तो भाजीच्या वाटणात चालतो. रोज सोडा करणार नसाल तर बरणीला सैल झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा १० ग्रॅम साखर, १० ग्रॅम आलं द्या. वापरायच्या आदल्या दिवशी बाहेर काढून एकदा खाऊ घाला आणि बुडबुडे दिसल्यावरच सोडा लावा. महिनाभर विसरलेली बरणीही दोन-तीन दिवस खायला घातल्यावर बहुधा जागी होते. वास स्वच्छ आंबट असेल आणि वर बुरशी नसेल, एवढंच बघायचं.